संस्थेचे जुने दप्तर पावसाआधी हलवायचे आहे: काय ठेवू, कुठे देऊ?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार मंडळी.

लोकप्रशासन या विषयात काम करणाऱ्यांची आमची एक लहान नोंदणीकृत संस्था आहे. सभासद बहुतेक निवृत्त सरकारी अधिकारी, थोडे नोकरीत असलेले, आणि माझ्यासारखे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे दोघे-तिघे. गेल्या सर्वसाधारण सभेत सचिवपद माझ्याकडे आले आणि त्याबरोबर पणजीच्या मळा भागातल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावरची खोलीही. खोलीत लोखंडी कपाटे, आणि कपाटांच्या आत, वर, मागे कागदच कागद. घरमालक सज्जन आहेत, पण यंदा त्यांना घर शाकारायचे आहे, भिंतीही दुरुस्त करायच्या आहेत. मे संपायच्या आत खोली रिकामी हवी.

काय काय आहे ते सांगते. सभांच्या इतिवृत्तांच्या कापडी बांधणीच्या वह्या. आवक-जावक रजिस्टरे. सभासदत्वाचे अर्ज. वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती. चर्चासत्रांत वाचलेले निबंध, बरेचसे सायक्लोस्टाइल केलेले. पत्रव्यवहाराच्या फायली, त्यांत इंग्रजी, मराठी आणि सुरुवातीच्या काळात पोर्तुगीजही. फोटो, भाषणांच्या कॅसेट, आणि दिल्लीहून येणाऱ्या छापील नियतकालिकांचे गठ्ठे.

कार्यकारिणीत दोन मते पडली आहेत. एक म्हणते, इतिवृत्ते ठेवा, बाकीचे रद्दीत द्या, हिशेब कधीच तपासून झालेत. दुसरे म्हणते, सगळे स्कॅन करा आणि मग रद्दीत द्या. मला दोन्ही पटत नाही. पण का पटत नाही हे सभेत नीट मांडता येत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

परवा एक फाइल सहज उघडली. मामलेदार कचेरीतल्या कामाबद्दल दोन सभासदांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे. एक पोर्तुगीज आमदानीत आदमिनिस्त्रादोरच्या (तालुका प्रशासकाच्या) कचेरीत कारकून होते, दुसरे मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले. पहिले सांगतात की अर्ज कोणाच्या टेबलावर आणि किती वेळ राहायचा हे पूर्वी ठरलेले असे. दुसरे विचारतात, ते ठरवले कोणी, आणि अर्जदाराला दाद मागायला जागा कुठे होती? पानेच्या पाने हेच. दोघेही अत्यंत आदराने लिहितात आणि तसूभर मागे हटत नाहीत. मी इतकी वर्षे प्रशासन शिकवते, पण एक राजवट जाऊन दुसरी आली तेव्हा कचेरीच्या टेबलावर नेमके काय बदलले, हे असे कुठे वाचायला मिळाले नव्हते.

तर, यातले काय ठेवावे? कोणाकडे द्यावे? आणि मे महिन्याच्या आत काय होण्यासारखे आहे?

---

चिंबलकर

मॅडम, स्कॅनिंगला घाबरू नका. आता फोनवरसुद्धा चांगले होते. कॉलेजची मुले लावा, रोज एक कपाट घ्या, सगळे क्लाउडवर चढवा, म्हणजे जगात कुठूनही वाचता येईल. जागेचा प्रश्नच मिटला. पणजीत खोलीचे भाडे काय झाले आहे ते तुम्हाला माहीतच आहे, लहान संस्थेला ते झेपत नाही. कागद ठेवायचाच असेल तर महत्त्वाचा तेवढा निवडा.

---

जुना दप्तरदार (सांखळी)

ताई, माझी सगळी नोकरी पुराभिलेखांत गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी: खोलीत ज्या क्रमाने कागद आहेत तो क्रम मोडू नका. "महत्त्वाचे" निवडायला तर मुळीच बसू नका. कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर, कोणत्या फायलीशेजारी कोणती फाइल आहे, हे वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक फळीचा फोटो काढा. मगच हात लावा. आपल्याला महत्त्वाचे काय वाटते ते आपल्या आजच्या प्रश्नांवरून ठरते. पन्नास वर्षांनी येणारा माणूस काय विचारील ते आपण सांगू शकत नाही.

आता तुम्हाला सभेत जे मांडता आले नाही त्याबद्दल. सरकारी फायलीत निर्णय असतो. टिपणी वर चढते, वरिष्ठ सही करतो, विषय संपतो. ज्याचे मत वेगळे होते त्याचे मत फार तर दोन ओळींत उरते, पुष्कळदा तेवढेही नाही. तुमच्या संस्थेत तीच माणसे सरकारच्या वतीने सही न करता बोलत होती. कनिष्ठाला वरिष्ठाशी वाद घालता येत होता, वेगळ्या खात्यातल्या माणसाला प्रश्न विचारता येत होता. तुम्ही उघडली ती फाइल अपवाद समजू नका. व्यावसायिक संस्थेचे दप्तर जपायचे ते याचसाठी. ते पुराभिलेखागारात सरकारी कागदांच्या जोडीला असले, तरच पुढच्या अभ्यासकाला दोन्ही बाजू दिसतील. गोव्याच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. १९ डिसेंबर १९६१ ला राजवट बदलली, पण कचेऱ्यांतली माणसे एका रात्रीत बदलली नाहीत. जुन्या नोकरांना नव्या सेवेत सामावून घेण्यासाठी १९६५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या पिढीने काय पाहिले, काय शिकले, कशाला विरोध केला, हे राजपत्रात सापडत नाही.

क्रमाबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगतो. आपल्याकडच्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याच्या नेमणुकीपासून. तिथे लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे जे ग्रंथ आहेत ते जहाजांच्या हंगामाप्रमाणे लावलेले आहेत, म्हणून त्यांना "मोंसोंइश", म्हणजे मोसम, म्हणतात. कोणत्या हंगामात कोणता हुकूम आला आणि पुढच्या जहाजाने त्याला काय उत्तर गेले, हे त्या मांडणीवरूनच कळते. विषयवार लावले असते तर ते धागे तुटले असते. त्यांतले काही ग्रंथ अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले, आणि तेव्हापासून एकच मालिका दोन खंडांत विभागलेली आहे. अभ्यासकाला एक वर्ष पणजीत आणि पुढचे वर्ष लिस्बनमध्ये शोधावे लागते. म्हणून इतिवृत्ते एकाकडे, फोटो दुसऱ्याकडे आणि पत्रे तिसऱ्याकडे, असे कधीही करू नका. द्याल ते एकत्र द्या.

आता काय सोडता येईल ते. छापील नियतकालिके. नवी दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ ची. अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांनी १९५३ च्या अहवालात अशा संस्थेची शिफारस केली होती आणि पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिचे त्रैमासिक १९५५ पासून निघते आणि देशभरच्या ग्रंथालयांत ते आहे. तुमच्या गठ्ठ्यांतले अंक तेच असतील तर ते जाऊ देत, पण आधी प्रत्येक अंक चाळा. कोणी समासात लिहिले असेल, आत पत्र ठेवलेले असेल, तर तो अंक राहील. तपासलेले वार्षिक हिशेब जागेवर असतील तर पावत्यांच्या स्थळप्रतींतून काही वर्षांचा नमुना ठेवून बाकीच्या सोडता येतात. इतिवृत्ते, पत्रव्यवहार, रजिस्टरे, अर्ज आणि सायक्लोस्टाइल निबंध यांतले एकही पान सोडू नका. त्या निबंधांच्या प्रती जेमतेम सभागृहात बसलेल्या माणसांपुरत्या निघालेल्या असतात, दुसरीकडे मिळण्याची आशा धरू नका.

चिंबलकर, स्कॅन प्रत वाचायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण "स्कॅन झाले, आता रद्दी" याला माझा ठाम विरोध आहे. कार्बन कॉपीवरची शिसपेन्सिलीची खूण, पाठीमागचा आवक क्रमांक, दोन पाने एकत्र टाचलेली होती ही गोष्ट, हे सगळे घाईच्या स्कॅनिंगमध्ये जाते. शिवाय क्लाउडची वर्गणी एखाद्या वर्षी भरायची राहिली की काय उरेल?

संस्था कायमची असते असेही धरून चालू नका. ब्रिटनची लोकप्रशासन संस्था १९२२ ची, पुढे तिला "रॉयल" ही पदवी मिळाली, जगभर तिचे नाव होते. १९९२ मध्ये ती बंद पडली. तुमची संस्था चालू आहे, सभासद हयात आहेत, ठराव करायला गणपूर्ती होते आहे, तोवरच हे करून घ्या.

---

केपेकर

मी मामलेदार कचेरीतून निवृत्त झालो, बहुधा याच संस्थेचा सभासदही होतो. त्या अर्जांत माझाही एक असेल.

दप्तरदार सांगतात ते समजते, पण माझ्या मनात एक काळजी आहे. त्या पत्रव्यवहारात केवळ तात्त्विक चर्चा नाही. ज्येष्ठतायादीवरून भांडणे झाली, बदल्यांवरून झाली, कोणी कोणाबद्दल काय काय लिहिले ते मला ठाऊक आहे. स्थानिक आणि बाहेरून आलेले हा विषय त्या काळी फार नाजूक होता. लिहिणाऱ्यांतले पुष्कळ गेले, पण त्यांची मुले-नातवंडे याच गावांत राहतात. आपल्या वडिलांवर कोणी लाचेचा संशय घेतला होता, तोही पुराव्याशिवाय, हे एखाद्याने वाचनालयात बसून वाचावे का? माणसे संस्थेत मोकळेपणाने बोलली ती दारे बंद आहेत या भरवशावर. तो भरवसाही जपायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

---

जुना दप्तरदार (सांखळी)

केपेकर भाऊ, अगदी रास्त बोललात. ते पत्र फाडून टाकले तर आरोप खोटा होता हेही पुढे कोणाला दाखवता येणार नाही. म्हणून नष्ट करायचे नाही, काही काळ बंद ठेवायचे. ज्या फायलींत व्यक्तींविषयी तक्रारी, आजार, चौकशी असे काही असेल त्या वेगळ्या पाकिटात, यादीत त्यांचा फक्त क्रमांक आणि वर्ष, आणि "अमुक वर्षापर्यंत वाचकांना खुले नाही" अशी अट कागदपत्रे देतानाच लिहून द्यायची. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात अभ्यासकांसाठी ३० वर्षांचा दंडक आहे. तुमचे कागद खासगी, म्हणून तो तुम्हाला बंधनकारक नाही, पण मोजमाप म्हणून चांगला आहे. मी तर म्हणेन की शेवटच्या पत्रापासून ३०, आणि संबंधित माणूस हयात असेल तर त्याच्या हयातीपर्यंत.

दुसरी एक गोष्ट यावरून आठवली. अधिकाऱ्यांच्या संस्थांच्या कपाटांत कधीकधी सरकारची अस्सल फाइलच सापडते. चर्चासत्रासाठी कोणी आणलेली असते, परत जायची राहते. ती तुमची नव्हे. ३० मे १९८७ पर्यंत गोवा केंद्रशासित होता, त्या काळातले काही निघाले तर विशेष जपा. संस्थेच्या देणगीत ते मिसळू नका, ज्या खात्याचे आहे त्याला लेखी पत्र देऊन पोच घ्या. वर सांगितलेल्या केंद्रीय कायद्यात सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला किंवा भारताबाहेर नेण्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, यावरून विषय किती गंभीर मानला जातो ते पाहा.

---

मांडवीकाठ (पणजी)

दोघांचेही मनापासून आभार. केपेकर काका, तुमचे म्हणणे मी कार्यकारिणीत जसेच्या तसे वाचून दाखवीन.

आता अगदी खालच्या पातळीवरचे प्रश्न. पूर्वेकडच्या भिंतीला ओल आहे. त्या बाजूच्या कपाटात खालच्या फळीवर वाळवीची माती दिसली. वह्यांना कसर लागली आहे. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या आहेत. एका फायलीत फॅक्सचे कागद आहेत, त्यांवरचे निम्मे उडाले आहे. काही पाने कोणी सेलोटेपने जोडली आहेत. एका सभासदांनी सगळे लॅमिनेट करून घ्या असे सुचवले आहे, खर्चही ते देणार आहेत. आणि मधल्या काही वर्षांची इतिवृत्ते मुळी नाहीतच.

---

जुना दप्तरदार (सांखळी)

लॅमिनेशन नको. त्या सद्गृहस्थांना सांगा की तोच खर्च खोक्यांना आणि कापडाला द्यावा. उष्णता देऊन प्लास्टिक चिकटवले की कागद पुन्हा मोकळा करता येत नाही, आणि आतली आम्लता आत राहून कागद पिवळा पडून तुटतो.

वाळवीचे कपाट आधी खोलीबाहेर काढा, त्यातले कागद बाकीच्यांत मिसळू देऊ नका. भिंतीला आणि जमिनीला उपचार करणाऱ्याला बोलवा, पण औषध कागदावर उडता कामा नये. ओलसर वह्या उन्हात वाळत घालण्याचा मोह आवरा. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा टीपकागद घालून ठेवा. बुरशी दिसली तर हात लावणाऱ्याने मास्क घालावा आणि मऊ ब्रशने घराबाहेर झाडावी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि मिरगानंतर आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी वरच असते. म्हणून हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांत कागद कोंबू नका, ओल आतच अडकते. धुतलेल्या मांजरपाटात बांधा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोके जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून दूर. बस्ता बांधायची आपली जुनी पद्धत उगीच नव्हती.

टाचणी ओढून काढू नका. कागदाखाली पातळ पट्टी सरकवून टाचणीची टोके उचला. गंजून घट्ट बसली असेल तर तशीच राहू दे, पुढे संवर्धक पाहतील. सेलोटेपलाही हात नको. लिहायचे ते फक्त शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने.

घाई कशाची करायची? फॅक्स आणि कॅसेट. फॅक्सच्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात, ती उडतातच. त्यांच्या साध्या कागदावर झेरॉक्स आजच काढा आणि मूळ पानामागे ठेवा. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे रेकॉर्ड होणार नाही, आणि आवाज लवकरात लवकर डिजिटल करून घ्या. इथे चिंबलकरांचा सल्ला सोळा आणे खरा. कागदांचे स्कॅनिंग मागाहून, ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), मूळ प्रत टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये, आणि फायलीचे नाव यादीतल्या क्रमांकाप्रमाणे. फोनने भराभर काढलेल्या नावाविना फोटोंचा ढीग कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

गहाळ वर्षांसाठी: संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असेल तर दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते, कलम ४. दाखल झालेले कागद कोणालाही पाहता येतात, कलम १९. मूळ कायद्यात त्याची फी एक रुपया लिहिलेली आहे. पदाधिकारी कोण होते ते तिथून जुळेल. सभेत काय झाले ते कळणार नाही, पण त्या काळचे अध्यक्ष-सचिव कोण हे कळले की त्यांच्या घरच्यांना विचारता येते. वह्या पुष्कळदा जुन्या सचिवांच्या माळ्यावरच असतात. चर्चासत्रांच्या बातम्यांसाठी त्या वर्षांची वर्तमानपत्रे चाळा, "गोमन्तक" १९६२ पासून आहे.

---

पठारावरची (ताळगाव)

मी विद्यापीठात संशोधन करते, पंचायतींचा इतिहास हा माझा विषय. १९६२ च्या ग्रामपंचायत नियमावलीनंतर पहिली काही वर्षे कारभार प्रत्यक्षात कसा चालला, यावर मला अधिकाऱ्यांच्या बाजूचे फार थोडे मिळाले आहे. म्हणून या धाग्यावर माझा जीव अडकला आहे.

कुठे द्यावे याबद्दल. पणजीचे राज्य पुराभिलेखागार हा पहिला पर्याय, कारण सरकारी कागद तिथेच आहेत आणि दप्तरदार म्हणतात तशी जोडणी तिथेच होईल. दुसरा पर्याय आमचे विद्यापीठ ग्रंथालय. पांडुरंग पिसुर्लेकरांचा स्वतःचा संग्रह तिथे आहे. १९३० पासून १९६१ पर्यंत अभिलेखागार सांभाळलेल्या माणसाची पुस्तके जिथे गेली, तिथे तुमचे दप्तर परके वाटणार नाही. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्रही आहे. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाकडे छापील अंक आणि पुस्तिका देता येतील का ते विचारा, १८३२ पासूनचे ग्रंथालय आहे ते. पण मूळ कागद मात्र एकाच ठिकाणी. कोणालाही देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: यादी किती काळात होईल, वाचकाला मिळेल की नाही, आणि तुमच्या बंद ठेवण्याच्या अटी मान्य आहेत का. पोच मिळाल्याशिवाय खोके हलवू नका.

आणि ताई, फोटो! मागे नावे लिहिलेली नसतील तर दुसरे सगळे बाजूला ठेवून आधी हे करा. जुन्या सभासदांना एका दुपारी चहाला बोलवा, फोटो टेबलावर मांडा, कोण कुठे उभे आहे ते त्यांच्याकडून वदवून घ्या आणि ते बोलत असताना रेकॉर्ड करा. केपेकर काकांसारखी माणसे अजून आहेत म्हणून हे शक्य आहे. कागद पुढच्या वर्षीही वाचता येईल, चेहरा ओळखणारा माणूस तेव्हा असेलच असे नाही.

पोर्तुगीज हस्ताक्षर मी वाचते. यादी करायला शनिवारी येईन, सोबत एक मैत्रीणही येईल.

---

केपेकर

फोटोंसाठी मी येतो. माझे दोन सहकारी मडगावात आहेत, त्यांनाही घेऊन येतो. एकाला दिसायला कमी झाले आहे, पण नावे सांगितली की कोणती सभा ते बरोबर सांगेल.

---

मांडवीकाठ (पणजी)

केपेकर काका, तुम्ही नक्की या, गाडी मी पाठवते. पठारावरच्या ताई, शनिवारी सकाळी वाट बघते.

विशेष सभेसाठी ठराव लिहिला आहे. दप्तरदार, नजर घालाल का?

"संस्थेचे स्थापनेपासूनचे दप्तर कायम जतनासाठी एकाच अभिलेख संस्थेला एकत्रितपणे देण्यात यावे. व्यक्तींविषयीच्या फायली शेवटच्या पत्रापासून ३० वर्षे, आणि संबंधित व्यक्ती त्यानंतरही हयात असल्यास तिच्या हयातीपर्यंत, वाचकांसाठी बंद राहाव्यात. दप्तराची स्कॅन प्रत संस्थेकडे राहावी. अनावश्यक कागद नष्ट करण्याचा अधिकार सचिवांना राहील."

---

जुना दप्तरदार (सांखळी)

पहिली तीन वाक्ये चांगली आहेत. चौथे काढून टाका. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, पुढचा सचिव कोण येईल ते माहीत नाही म्हणून. त्याऐवजी असे लिहा: "जे कागद ठेवायचे नाहीत त्यांची वर्षवार यादी कारणांसह कार्यकारिणीपुढे ठेवावी, मंजुरीनंतर दोन पदाधिकाऱ्यांनी सही करावी, आणि ती यादी दप्तरासोबतच जतनास द्यावी." काय टाकले आणि का टाकले, हे समजण्याचा अधिकार वाचकाला आहे.

आणखी एक वाक्य जोडा, की संस्था बंद झाली तरी दप्तर जिथे दिले तिथेच राहील. विसर्जनाच्या वेळी मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, त्याच सोसायटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. तेव्हा कोणी दप्तरही त्या मालमत्तेत धरायला नको.

ठराव मंजूर झाला की त्याची सहीची प्रत पहिल्या खोक्यात सर्वांत वर ठेवा. शनिवारी मीही येतो आहे. सांखळीहून निघायला सकाळ होईल, पण दहापर्यंत पोहोचेन. मांजरपाट आणि नाडी घेऊन येतो, ब्रश तुम्ही आणा.